श्वासावर लक्ष ठेवून ध्यानाला बसलं की डोक्यातली बडबड वाढते? उठून जायच्या आधी हे चेक करा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का दुसरा कुठला ते लगेच कळेल.

डोळे मिटले, दोन-तीन श्वास नीट कळले, आणि मग एकदम भान आलं तेव्हा तुम्ही मनातल्या मनात ऑफिसातल्या कोणाला तरी झाडत होतात. परत श्वासावर आलात, परत तेच. बसायच्या आधी डोकं बरं होतं, बसल्यावर उलट गर्दी झाली असं वाटतं. भुवयांच्या मधे ताण येतो. श्वासाकडे लक्ष दिलं की तो अडखळतो, मोठा श्वास ओढून घ्यावासा वाटतो. उठल्यावर शांत वाटायचं सोडून चिडचिड होते, आणि शेवटी "माझं मनच तसलंय, मला नाही जमायचं" असा निकाल स्वतःच लावून मोकळे. यातलं निम्मं जरी जुळत असेल तर पुढे वाचा.

मी नाशिकला अंबडमधल्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. सकाळी इंदिरानगरमध्ये सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही काही जण बसतो आणि नवीन आलेल्यांना बसवून द्यायचं काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडेच आहे. तक्रार प्रत्येकाची वेगळी वाटते पण शेवटी फॉल्ट जवळपास एकाच जागी सापडतो. तरी मी थेट तिथे जात नाही, कारण आधीचे साधे चेक सोडले की माणूस उगाच मनाच्या खोलात शिरतो आणि निघतं काय तर पाय दुखत होता. म्हणून फुकटातलं आधी, अवघड नंतर.

फोन, टायमर, पोट

फोन दुसऱ्या खोलीत. सायलेंटवर मांडीजवळ ठेवलेला चालत नाही, कारण तो वाजला नाही तरी "आला असेल का मेसेज" हे एक काम मागे चालूच राहतं. टायमर मात्र लावाच, साधं गजराचं घड्याळ असलं तरी चालेल. टायमर नसला की दर दोन मिनिटांनी "किती झालं असेल" येतं, आणि लोक त्याला चंचल मन म्हणतात. सुरुवातीला दहा मिनिटं खूप झाली, पहिल्याच आठवड्यात तासभर बसायची हौस करू नका.

रविवारी सकाळी मिसळ हाणून येऊन बसलात तर झोप येणारच, त्यात ध्यानाचा दोष नाही. रात्रीची झोप कमी झाली असेल तर तेच. झोप राहिली असेल तर सरळ झोपा, उद्या बसा.

आवाजाचं म्हणाल तर ते चेकलिस्टमध्येच नाही. सध्या २०२७ च्या कुंभमेळ्याच्या तयारीत शहरात कुठे ना कुठे रस्ता खोदलेला आहे, जेसीबी थांबायची वाट बघत बसलात तर सिंहस्थ उरकेपर्यंत बसणं होणार नाही. आवाजाचा पुढे उपयोगच आहे, सांगतो.

बैठक

खुर्चीवर बसलात तरी चालतं, हे आधी स्पष्ट करतो कारण वयस्कर लोक उगाच मांडी घालून हाल करून घेतात. खाली बसणार असाल तर बुडाखाली घडी केलेली गोधडी घ्या, गुडघे कमरेपेक्षा खाली आले पाहिजेत. गुडघे वर राहिले की कंबर मागे गोल होते, मग पाठ ओढते आणि दहाव्या मिनिटाला डोक्यात जी चिडचिड सुरू होते ती खरं तर पाठीची असते. पाय बधिर होतो तो नसेवर दाब पडल्यामुळे, पाय हलवला की जातो, त्यात पुण्य-पाप काही नाही, हलवा. (पांडवलेणीवर, म्हणजे नाशिकच्या जुन्या बौद्ध लेण्यांवर, गेलात तर भिक्खूंच्या खोल्यांमधले दगडी ओटे बघा. तिथल्या एका लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा, त्यात पावसाळ्याच्या मुक्कामाला राहणाऱ्या २० भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ नाणी मिळावीत म्हणून विणकरांच्या संघाकडे पैसे व्याजाने ठेवल्याची नोंद आहे. कपड्याची सोय आहे, गादीची नाही. आमच्याकडे कुशनवर चर्चा रंगली की मला ते ओटे आठवतात.)

जबडा आणि जीभ हा चेक कोणी करत नाही आणि हा फार कामाचा आहे. मनात शब्द बोलत असताना जीभ आणि घसा बारीक हालचाल करतात, दिसत नाही पण असते. बसल्यावर दात एकमेकांवरून सुटे करा, जीभ तोंडात सैल पडू द्या. बऱ्याच जणांची बडबड एवढ्यानेच अर्धी होते. नाही झाली तरी हरकत नाही, निदान बडबड कुठे चालते ते कळतं.

श्वास कोण चालवतंय?

इथून जरा लक्ष द्या. श्वास बघायचा म्हटलं की नव्वद टक्के लोक तो चालवायला लागतात, आणि त्यांना ते कळत नाही. आमच्याकडे एक बँकेतला मुलगा यायचा, तक्रार अशी की बसलं की हातापायांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, त्याला वाटत होतं काहीतरी जागृत होतंय. मी त्याच्या समोर बसलो आणि बघत राहिलो. पोट जागचं हलत नव्हतं, शर्टाचं वरचं बटण मात्र प्रत्येक श्वासाला वर ओढलं जात होतं, खांदे कानांकडे. तो दर श्वास पूर्ण भरून घेत होता, शिवाय सुटला पण पूर्ण पाहिजे असं त्याला वाटत होतं. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि त्याने मुंग्या, चक्कर, छातीत कसंतरी हे सगळं होतं. जागृत-बिगृत काही नाही.

त्याला सांगितलं की पाच मिनिटं श्वास बघणं सोडून दे, फक्त पंख्याचा आवाज ऐक. शरीर आपोआप आपल्या चालीवर आलं. मग म्हटलं आता आत येणारा श्वास बघूच नकोस, फक्त बाहेर जाणारा बघ, आत घ्यायचं काम शरीराचं. बाहेर सोडताना हृदयाचा वेग तसाही थोडा उतरतो, त्यामुळे तिथे टिकणं सोपं जातं. मुंग्या गेल्या.

प्राणायाम करणाऱ्यांना हा फॉल्ट जास्त असतो कारण तिथे श्वास मुद्दाम चालवायचाच असतो. अनुलोम-विलोम चांगलंच आहे, पण ते संपवा, मिनिटभर थांबा, मग हे. दोन्ही एकात कालवू नका. आणि एक नाकपुडी बंद वाटते म्हणून घाबरू नका, दर काही तासांनी एक बाजू जास्त मोकळी आणि दुसरी कमी हे सगळ्यांचंच होतं, त्यात डिसेंबरच्या नाशिकच्या थंडीत तर विचारू नका.

श्वास कुठे बघायचा हे पण ठरवून टाका. गोएंका गुरुजींच्या विपश्यनेच्या परंपरेत नाकाच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वरची जागा घेतात, महासी सयाडोंच्या पद्धतीत पोटाचं वर-खाली होणं. दोन्ही पद्धती ब्रह्मदेशातूनच आल्यात, दोन्ही चालतात, पण आज नाक उद्या पोट असं केलं की सगळा वेळ जागा निवडण्यात जातो. भुवयांमधे ताण येणाऱ्यांनी पोट घ्यावं असं माझं मत, कारण नाकावर बसलेले लोक डोळ्यांनीच नाक बघायला जातात.

तुम्हाला नक्की काय व्हायला हवंय?

हा चेक पण फुकट आहे पण लोकांना सगळ्यात महाग वाटतो. विचारा स्वतःला, आजची बैठक चांगली झाली असं केव्हा म्हणाल? "विचार आले नाहीत तेव्हा" हे उत्तर असेल तर अडचण इथेच आहे.

१९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी एक प्रयोग केला, लोकांना सांगितलं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला की घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. वर नंतर विचार करायची परवानगी दिली तेव्हा ह्याच लोकांना, आधी दाबायला न सांगितलेल्यांपेक्षा, अस्वल जास्त आठवलं. तुम्ही रोज सकाळी बसून हाच प्रयोग करताय, अस्वलाच्या जागी ईएमआय आहे एवढंच. आणि बसल्यावर गर्दी का वाढते तर बाहेरचं काम नसलं की मेंदूचे काही भाग उलट जास्त चालतात, मागचं-पुढचं, माझं-तुझं, लोक काय म्हणतील, ह्याच विषयांवर. २००१ मध्ये मेंदूचे अभ्यासक मार्कस रायकल आणि सहकाऱ्यांनी ह्याचं वर्णन केलं. २०१० मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी साधारण २२५० लोकांना दिवसात मधेच फोनवर विचारलं की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे, तर जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. म्हणजे तुमचं मन स्पेशल खराब नाही. अर्जुनाने पण मनाची हीच तक्रार केली होती, तीही थेट कृष्णापाशी.

विचार आल्याचं कळल्यावर लगेच काय करता

इथे खरा फॉल्ट आहे. विचार आला त्यात नाही, विचारात गेलात त्यातही नाही, कळल्यानंतरच्या एका सेकंदात आहे.

सिडकोतून एक काकू येतात. पहिल्या महिन्यात एकदा बैठक झाल्यावर म्हणाल्या, आज नुसता गिझर होता डोक्यात. मी म्हटलं सगळं क्रमाने सांगा. "गिझर चालू राहिला वाटतं." मग, "बघ, आला परत विचार." मग, "इतके दिवस झाले एवढं साधं जमत नाही." मग, "ती शेजारची बघ कशी मूर्तीसारखी बसलीय." मग, "उठून फोन करावा का सुनेला." मग सुनेवरून सहा महिन्यांपूर्वीचं काहीतरी. मी विचारलं, काकू ह्यात गिझर किती? त्या हसायलाच लागल्या. गिझर एक होता, बाकी सगळं गिझरला दिलेलं उत्तर होतं.

पिंपळगावला नाहीतर लासलगावला कांद्याचा लिलाव बघितला असेल तर पटकन कळेल. व्यापारी तुमच्या ट्रॅक्टरपाशी येऊन भाव बोलणार, तो तुम्हाला ऐकू येणारच, कान बंद करता येत नाहीत. पण ऐकला म्हणजे माल दिला असं होत नाही. नाही पटला भाव तर नाही म्हणायचं, आणि त्यासाठी व्यापाऱ्याशी भांडायची, तो असा कसा बोलला ह्याची चौकशी करायची, काहीच गरज नसते. विचार म्हणजे लागलेली बोली. काकूंनी पहिल्या बोलीलाच ट्रॉली रिकामी केली.

आता कळल्यावर लोक जे करतात त्याचे प्रकार बघा आणि आपला कुठला ते ओळखा. काही जण स्वतःला रागावतात, हे सगळ्यात कॉमन. काही जण म्हणतात "एवढा विचार पूर्ण करून येतो", तो कधी पूर्ण होत नाही. आणि शिकलेले लोक तपास करतात, हा विचार का आला, बालपणात काय झालं होतं वगैरे, त्यांना वाटतं आपण काहीतरी खोल करतोय, करत असतात विचारच.

करायचं एवढंच. भान आलं की मनात एक शब्द हळूच म्हणायचा, "विचार". वाटलं तर "प्लॅनिंग", "आठवण", "भांडण", पण कुठला शब्द बरोबर ह्यावर डोकं लावायचं नाही, नाही सुचला तर "विचार". शब्दाचा सूर ऐका, तो डाफरल्यासारखा आला तर राग अजून चालू आहे, मग त्याचंही नाव घ्या, "राग". मग एक श्वास बाहेर जाऊ द्या, पूर्ण, आणि त्याच्या मागोमाग पुढच्या श्वासावर या. झालं. विचार गेला का राहिला हे वळून बघायचं नाही. बाजूला चालू राहिला तर राहू दे, श्वास पण चालू आहे की.

आणि हे भान तुम्ही आणलेलं नाही, हे एकदा नीट बघा. तुम्ही तर गिझरमध्ये होतात, पूर्णच. तिथून कोणी हाक मारली? आपोआप कळलं. जे कळलं ती जाणीव, आणि ती विचाराच्या आधीही होती, विचार चालू असतानाही होती, नाहीतर नंतर "मी गिझरचा विचार करत होतो" हे सांगता आलंच नसतं. म्हणून दहा मिनिटांत वीस वेळा भटकलात आणि वीस वेळा कळलं तर ती बैठक वाया नाही गेली, तेच काम आहे. नापास झालो म्हणून जो क्षण तुम्ही मोजताय तो नेमका जागं होण्याचा क्षण आहे, आणि त्यालाच शिवी घालायची सवय लावली तर मन पुढच्या वेळी जागं कशाला होईल.

वर सांगितलेलं जमायला लागलं आणि मग नवीनच त्रास

काही आठवडे बरे जातात, मग एक दिवस माणूस येऊन सांगतो की आता विचारांचं काही नाही पण सारखं "मी बघतोय, मी बघतोय" चालतं, जणू डोक्यात मागच्या बाजूला एक वॉचमन बसवलाय. त्याने थकायला होतं. काही जण तर त्या वॉचमनला बघायला दुसरा वॉचमन ठेवतात.

ह्यात बिघाड नाही, "मी बघतोय" हा पण विचारच आहे, फक्त जरा सभ्य कपडे घालून आलाय. त्यालाही तोच एक शब्द. ह्याच्यासाठी मी आवाज वापरतो. श्वास बघणं सोडून द्या आणि बाहेर ऐका. रिक्षा जाते. आवाज आधी येतो, "रिक्षा" हा शब्द मागून येतो, मधे अगदी थोडी जागा असते. आवाज ऐकायला तुम्ही काही केलं नाही, ऐकू आलाच. आता "रिक्षा" हा शब्द मनात उमटला तो पण तसाच ऐकू आला ना? मग विचार पण तसेच ऐका, बाहेरून आलेल्या आवाजासारखे, कुठे उमटतो, किती वेळ राहतो, नंतर काय उरतं. पहारा द्यावा लागत नाही, कळायचं ते कळतंच. चार-पाच मिनिटं असं करून परत श्वासावर. हे रोज नको, वॉचमन आला तरच.

एकच विचार चिकटला असेल तर

रोज तोच. भावासोबत दिंडोरीच्या जमिनीचा वाद, सातबाऱ्यावर नाव, वकील काय म्हणाला. असं असेल तर ध्यानाकडून ते मिटवायची अपेक्षा चुकीची आहे, ते बाहेरचं काम आहे आणि बाहेरच करावं लागतं. बसायच्या आधी कागदावर लिहा, उद्या अकराला तलाठ्याकडे जायचंय, एवढं. पुढचं पाऊल लिहिलेलं असलं की मन परत परत आठवण करून देत नाही, निदान कमी देतं. तरी आलाच तर गोष्ट सोडा आणि शरीर बघा, छातीत आवळलंय का, पोटात खड्डा आहे का. गोष्टीला शेवट नाही, आवळणं मात्र कमी-जास्त होताना दिसतं. सहन होईल एवढंच बघा, नाही झालं तर डोळे उघडा.

मोठं काम: कोर्स

वरचं सगळं प्रामाणिकपणे करून सुद्धा अडत असेल तर समोर बसवणारा माणूस लागतो. आपल्याला इगतपुरी जवळ आहे हे नशीब. तिथल्या धम्मगिरी ह्या विपश्यना केंद्रात १९७६ पासून कोर्स चालतात, दहा दिवस, पहाटे चारला घंटा, मौन, पहिले तीन दिवस नुसता श्वास. फी नाही, जुन्या साधकांच्या दानावर चालतं. पण दहा दिवसांची रजा आणि तयारी लागते, म्हणून मी हे शेवटी ठेवतो, आणि मानसिक त्रासावर इलाज म्हणून तर अजिबात पाठवत नाही. फॉर्ममध्ये आजार आणि गोळ्यांचं विचारतात तिथे खरं लिहा, लपवून जाऊ नका.

इथे थांबा, पुढे माझं काम नाही

खालचं काही होत असेल तर बसणं त्या दिवसापासून बंद. "घाण बाहेर पडतेय, बसून राहा" असं कोणी सांगितलं तरी बंद.

बसलं की दर वेळी एकदम भीती भरून येते, जीव जातोय असं वाटतं. जुना अपघात, मारहाण, अत्याचार असलं काही डोळ्यासमोर येऊन थांबतच नाही. उठल्यावर तासन् तास आपण खरे नाही, जग काचेपलीकडे आहे असं वाटत राहतं. काही रात्री झोप जवळपास नाही, तरी अंगात जोर आणि डोक्यात मोठमोठ्या कल्पना. दुसऱ्या कोणाला न ऐकू येणारे आवाज. किंवा जगण्यात अर्थ नाही, संपवावं असे विचार. घरात किंवा तुम्हाला स्वतःला बायपोलर (मूड टोकाला जाण्याचा आजार) किंवा सायकोसिसचा (भास-भ्रम होण्याचा) इतिहास असेल तर सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना विचारा. चालू गोळ्या ध्यानाच्या भरवशावर बंद करू नका. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, डावा हात जड झालाय तर ते टेन्शन आहे का काय ह्याचा विचार करत बसायचं नाही, १०८ लावा.

लगेच करायचं ते म्हणजे डोळे उघडा, उभे राहा, पाय जमिनीवर दाबा, तोंडावर गार पाणी, आणि घरातल्या कोणाशी तरी बोला, एकटे राहू नका. मग सायकियाट्रिस्ट. खर्चाचं टेन्शन असेल तर सिव्हिलच्या ओपीडीला मानसोपचाराची चौकशी करा. टेलिमानस १४४१६ हा मानसिक त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, रात्री तीनला पण लावा. डॉक्टरांना ध्यानाचं लपवू नका, कुठली पद्धत, रोज किती वेळ, कधीपासून, आणि त्रास कधी सुरू झाला हे तारखेसकट लिहून न्या.

ग्रुपमधल्या एका दादांना मी असंच थांबवलं होतं, त्यांना वाईट वाटलं, पण गेले डॉक्टरांकडे. काही महिन्यांनी डॉक्टरांनी हो म्हटल्यावर परत आले ते डोळे उघडे ठेवून, पाच मिनिटं, खुर्चीवर, दरवाजाच्या जवळ. अजून तसंच बसतात.